पेरूनाथांचा पेला

त्या जानेवारीत नागावात निरोगी माणूस औषधालाही उरला नव्हता.

सकाळ झाली की अनंताच्या वाडीबाहेर रांग लागायची. नारळांच्या मधून, विहिरीला वळसा घालून, रस्ता ओलांडून ती पार समुद्रावरच्या सुरूच्या बनापर्यंत जायची. प्रत्येकाच्या हातात एक काचेचा पेला आणि त्यावर पेरूचं पान झाकलेलं. रांगेच्या दुसऱ्या टोकाला, अनंताच्या स्वयंपाकघरामागच्या पेरूखाली, पाटावर पेरूनाथ महाराज बसलेले असायचे. झाडाला हिरवं लुगडं नेसवलं होतं. फांद्यांवरच्या पेरूंना फडक्याच्या पिशव्या बांधल्या होत्या. वटवाघळांनी फळं खाऊ नयेत म्हणून वाडीत सगळेच तशा पिशव्या बांधतात, पण या पिशव्यांना आता सोवळं म्हणायचं होतं.

पद्धत सोपी होती. महाराजांच्या मडक्यातलं ‘निर्मळ जल’ आपल्या पेल्यात घ्यायचं. निर्मळ असूनही ते जरा दुधाळ दिसायचं. त्यात तीनदा फुंकर मारायची. मग महाराज एका तपकिरी बाटलीतून तीर्थाचे चार थेंब टाकायचे, आणि बघता बघता पाणी शाईसारखं निळंकाळं व्हायचं.

महाराज पेला उंच धरून सांगायचे, की ही तुमची साखर, ही अंगात घेऊन तुम्ही आजवर सुखाने झोपत होतात. मग झाडावरचा पेरू चिरायचा, फडक्यातून पिळायचा, रस काळ्या पाण्यात ओतून चमच्याने ढवळायचा. काळं पाणी पुन्हा पांढरं. पेरूने साखर खाल्ली. रांगेतले लोक हात जोडायचे, बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि पुढचा पेला पुढे सरकायचा.

“पेरूत एकशे आठ सत्त्वं आहेत,” महाराज सांगायचे. “एकशे सात विज्ञानाला सापडली. एकशे आठवं मला.”

औषधोपचारही एकच होता. रोज या झाडाचा एक पेरू, सकाळी त्याच्या पाल्याचा काढा, आणि डॉक्टरांच्या गोळ्या-सुया बंद. कारण पेरू मानी आहे. जोडीला गोळी घेतली की तो रुसतो.

महाराज मुळात शनिवार-रविवारसाठी आलेले पाहुणे होते. अनंताच्या घरगुती पाहुणेघरात ते एकटेच उतरले होते. रविवारी खोली सोडायच्या वेळेला ते दात घासायला म्हणून मागच्या दाराने गेले ते परतलेच नाहीत. अनंता शोधायला गेला तर हे पेरूखाली मांडी घालून बसलेले, डोळे मिटलेले, तोंडात ब्रश. झाड आपल्याशी बोललं, असं त्यांनी चूळ भरून सांगितलं. त्यानंतर खोली सोडायचा विषय निघाला नाही.

शेजारच्या वाडीतून हे सगळं बघत होत्या पद्माबाई. अलिबागच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सारा गाव त्यांना बाईच म्हणत होता. कुंपणापलीकडे रोज काही ना काही चालायचं आणि बाईंची सकाळची कामं मागे पडायची. एकाने आपल्या स्कूटरचा पेला आणला. स्कूटरलाही साखर निघाली. त्याने टाकीत पेरूचा रस ओतला, स्कूटर कायमची बंद पडली, आणि ती आता विश्रांती घेते आहे असा महाराजांनी निर्वाळा दिला. एका पाहुणेघराने दारावरची ‘समुद्रदर्शन’ ही पाटी काढून ‘पेरूदर्शन’ अशी लावली. सर्वांत मोठा चमत्कार म्हणजे रोज एवढे पेरू उतरूनही झाड भरलेलंच राहायचं. त्या चमत्काराची वेळ पहाटेची होती. बाई फुलं काढायला उठत तेव्हा अनंता शिडीवर चढून बाजारातून आणलेले पेरू दोऱ्याने फांद्यांना बांधत असायचा. एकदा घाईत बाजूच्या चिकूलाही दोन पेरू लागले. लोकांनी त्यालाही नमस्कार केला.

बाईंना हसू यायचं. ते फार दिवस टिकलं नाही, कारण एके दिवशी त्यांचे यजमानच रांगेत दिसले.

तात्या जिल्ह्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. बारा वर्षं मधुमेह, सकाळ-संध्याकाळ गोळी. नुसतं बघून येतो म्हणून गेले आणि परतले ते वेगळेच होऊन. चेहरा उजळलेला, चाल ताठ. जेवताना त्यांनी बाईंना हळूच सांगितलं, की आजच्या दिवसातला सर्वांत काळा पेला त्यांचा होता. महाराजांनी स्वतः तो सगळ्यांना फिरवून दाखवला. पलीकडच्या आळीतल्या वकिलांचा तर नुसता राखाडी झाला होता.

“आणि गोळ्या?” बाईंनी विचारलं.

तात्यांनी भाताचा घास घेतला. पेरू रुसतो, एवढंच म्हणाले.

बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं, मुलीला फोन लावून दिला. तात्या नम्रपणे ऐकायचे आणि सकाळी पाल्याचा काढा प्यायचे. एका दुपारी ते घरी तपासणी करण्यासाठी तीर्थाची छोटी बाटली घेऊन आले. बाई वामकुक्षी करून उठल्या तर स्वयंपाकघरात तात्या ओट्याशी वाकलेले, आणि समोर ताटलीत उरलेला भात काळानिळा.

“पद्मा, भाताला साखर आहे,” ते कुजबुजले.

मग त्यांनी बटाटा चिरला. बटाट्याला भयंकर साखर निघाली. पावाला त्याहून. ज्वारीच्या भाकरीला, वालाच्या दाण्याला, एवढंच काय, सुती कपड्यांना घालायच्या खळीलाही साखर. नारळ मात्र ठणठणीत होता, अंडंही. तात्यांचा विस्मय वाढत चालला होता. आपलं स्वयंपाकघर एवढं आजारी असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

बाईंनी बाटली हातात घेतली, झाकण उघडून नाकाशी नेली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर शाळेची प्रयोगशाळा उभी राहिली. जखमेवर लावतात ते आयोडीन. पिठूळ पदार्थावर टाकलं की निळंकाळं होतं. महाराजांचं निर्मळ जल म्हणजे भाताची गाळलेली पेज. त्यात फुंकर मारा, मारू नका, थेंब पडला की ती काळी होणारच.

त्यांनी काही न बोलता डब्यातली चमचाभर साखर ताटलीत ओतली आणि तिच्यावर दोन थेंब टाकले. साखर तपकिरी झाली. काळी झाली नाही.

“बघा, साखरेलाच साखर नाही,” बाई म्हणाल्या.

तात्यांनी ताटली जवळ ओढून साखर बोटाने चाळवली. मग म्हणाले, “तिला कशाला असेल? ती स्वतःच आहे ना.”

बाई तशाच बाटली घेऊन अनंताकडे गेल्या. अनंताने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, सरबत दिलं, आणि बाई, तुमचं विज्ञान बरोबरच असणार, पण माझ्या खोल्या शिमग्यापर्यंत भरल्यात, असं सांगून त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आला. रांगेतल्या लोकांशीही त्या बोलल्या. बाईंचे स्वतःचे विद्यार्थी होते त्यांत. हा प्रयोग त्यांनी नववीत वहीत लिहिला होता, आकृती काढली होती, गुण मिळवले होते. बाईंना बघून ते अदबीने बाजूला झाले, आणि त्या पुढे गेल्यावर पुन्हा रांगेत आपल्या जागी उभे राहिले.

त्या आठवड्यात जनी मासळी घेऊन आली नाही. जनी म्हणजे कोळीवाड्यातली सव्वीस वर्षांची पोर, बाईंचीच विद्यार्थिनी. तिला शाळेत असतानाच मधुमेह झाला होता, तोही असा की शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. रोज सुई घेतली तरच ती उभी राहू शकत होती. आणि ती उभी राहायची. पाटी डोक्यावर घेऊन सारं गाव फिरायची, भाव पाडून मागणाऱ्याची फिरकी घ्यायची. दोनदा वार चुकला तेव्हा बाई समुद्रावर गेल्या. तिचा भाऊ चिराग तिथे पर्यटकांसाठी बनाना बोट, म्हणजे हवा भरलेली केळ्याच्या आकाराची बोट, चालवायचा. त्याने आनंदाने सांगितलं, की जनी बरी झाली.

“तोंडाला पेरूचा वास येतो, बाई. महाराज बोलले, पेरू अंगात मुरला. आता सुई कायमची सुटली.”

बाईंनी कसला वास, कधीपासून, एवढंच विचारलं आणि चिरागला तसाच गाडीवर बसवून घर गाठलं.

जनीच्या ओटीवर बायका जमल्या होत्या. एकेक जण आत जाऊन, वाकून, तिच्या श्वासाचा वास घेऊन बाहेर येत होती. बाहेर आली की हात जोडत होती. कुणीतरी उदबत्ती लावली होती. आत जनी चटईवर पडली होती, ओठ सुकलेले, गाल आत गेलेले. तिची छाती लांबून धावत आल्यासारखी वरखाली होत होती. सकाळपासून चार वेळा उलटी झाली होती, ती पेरू आतला मळ बाहेर काढतोय म्हणून शुभ धरली गेली होती. बाई खाली वाकल्या. वास खरंच गोड होता, फार पिकून उतरलेल्या फळासारखा.

जनीची आई कृष्णाबाई उशाशी बसली होती. गाडी काढायची म्हटल्यावर तिने मुलीच्या अंगावर हात आडवा ठेवला. महाराजांनी निरोप धाडला होता. वास सुटलाय, आता हलवू नका, एक दिवस कळ काढा.

“बाई, सतरा वर्सं नवऱ्याचं आजारपण काढलं मी,” ती म्हणाली. “पोरीला रोज टोचताना बघतंय. एकदा सुटली तर सुटू दे ना तिला.”

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. “कृष्णाबाई, हा वास पेरूचा नाही. सुई बंद झाल्यापासून हिच्या अंगाला साखर वापरता येत नाहीये. म्हणून ते चरबी जाळतंय. जळण्याचा वास आहे हा. उद्यापर्यंत थांबलात तर पोरगी राहणार नाही.”

कृष्णाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग हात काढून घेतला. जनीला चिरागने उचललं.

अलिबागच्या रुग्णालयात डॉक्टर नेत्रांनी जनीचा श्वास ऐकला आणि रक्ताचा निकाल यायच्या आधीच सलाईन आणि इन्सुलिन सुरू केलं. नंतर बाहेर येऊन त्या म्हणाल्या, की संध्याकाळ झाली असती तर अवघड होतं. आता वाचेल. चिराग भिंतीला टेकून उभा होता. बहिणीला त्यानेच रांगेत नेलं होतं, स्वतः पेला धरला होता. तो रडत नव्हता. नुसता दोन्ही हात एकमेकांवर घासत होता.

बाईंनी डॉक्टरांना विचारलं, की पेरूत खरंच काही असतं का. डॉक्टर नेत्रा दमलेल्या होत्या, तरी हसल्या. असतं तर, म्हणाल्या. संत्र्याच्या तिप्पट-चौपट क जीवनसत्त्व असतं. चोथा भरपूर, त्यामुळे पोट साफ राहतं आणि जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. गुलाबी पेरूत टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन असतं. पाल्यात टॅनिन नावाची तुरट द्रव्यं असतात, म्हणून जुलाबावर लोक काढा देतात. पाल्याच्या अर्काने जेवणानंतरची साखर थोडी कमी होते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, त्यावर अजून काम चाललंय. “मी माझ्या पेशंटना सांगते, मिठाईऐवजी पेरू खा. पण पेरू इन्सुलिन होत नाही. जनीला तर झाडच्या झाड खाऊ घातलंत तरी होणार नाही.”

क जीवनसत्त्व हे शब्द बाईंच्या डोक्यात राहिले. घराकडे येताना त्यांना काळं पाणी पांढरं होण्याचा उरलेला अर्धा चमत्कारही उलगडला.

चिरागला त्याच पावली महाराजांना जाऊन धरायचं होतं. बाईंनी अडवलं. आज मारलंस तर उद्या त्याच्या जखमेचीसुद्धा पूजा होईल, म्हणाल्या. त्यापेक्षा सकाळी दोघं रांगेत उभं राहू.

सकाळी तेही आले, म्हणजे तात्या. जनीचं ऐकून ते हादरले होते, रात्री धड जेवलेही नव्हते. पण महाराज चुकणार नाहीत, पोरीच्याच पथ्यात काही राहिलं असेल, यावर ते ठाम होते. बायको महाराजांना वेडंवाकडं बोलेल, आपण जवळ असलेलं बरं, म्हणून ते आले होते.

चिरागचा नंबर आधी लागला. ज्यांना येववत नाही त्यांच्यासाठी महाराजांनी सोय ठेवली होती. निर्मळ जल घरी न्यायचं, रोग्याकडून फुंकर मारून घ्यायची, पान झाकून परत आणायचं. चिरागने झाकलेला पेला पुढे केला. घरचंच कुणी आहे, दिवसभर वाळूत पडून असतं, एवढंच त्याने सांगितलं. महाराजांनी थेंब टाकले. पाणी काळं झालं. महाराजांनी डोळे मिटले.

“वय फार नाही,” ते सावकाश म्हणाले. “पण देहावर भार मोठा. दुसऱ्यांना पाठीवर घेऊन जगतोय हा जीव. आत वायू ठासून भरलाय. आणि याला पाण्याची भीती आहे.”

“बनाना बोट हाय ती,” चिराग म्हणाला. “पंपानं हवा मारून आणली पेल्यात.”

रांगेत हसू फुटलं आणि वाढत मागे विहिरीपर्यंत गेलं. महाराजांची पापणीही हलली नाही. त्यांनी चिरागकडे फार करुणेने पाहिलं आणि विचारलं, की त्या बोटीवर आजवर किती रोगी बसून गेले असतील याचा विचार केलास का. हसू थांबलं. लोकांनी विचार केला. मागे एका मुंबईकर बाईने आपल्या मुलांना आजपासून बनाना बोट बंद असं तिथल्या तिथे सांगून टाकलं.

पद्माबाईंनी तोच काळा पेला उचलला. पर्समधून औषधाच्या दुकानातली चघळायची गोळी काढली, चमच्याने कुटली, घोटभर पाण्यात कालवली आणि पेल्यात ओतली. सगळे माना उंच करून बघत होते. काळं पाणी ढवळता ढवळता फिकट झालं, मग साफ पांढरं.

“ही क जीवनसत्त्वाची गोळी,” बाई म्हणाल्या. “हिला झाड नाही, लुगडं नाही. हिच्याशी कुणी बोलत नाही.”

मग त्यांनी अलिबागच्या बाजारातून आणलेला साधा पेरू दुसऱ्या काळ्या पेल्यात पिळला. तोही पांढरा झाला. रांगेत चुळबुळ सुरू झाली. पण कुणीतरी म्हणालं, गोळी पेरूचीच केलेली असणार. महाराजांनी तो धागा लगेच पकडला. औषध कंपन्या माझंच सत्त्व चोरून विकताहेत, ते म्हणाले, आणि बाजारातला पेरू तरी कुणाचा वंशज आहे? या झाडाचाच. लोकांच्या माना पुन्हा डोलायला लागल्या. बाईंना आपले हात रिकामे झाल्यासारखं वाटलं. वर्गात एवढं दाखवल्यावर मुलांना कळायचं. इथे जे दाखवावं ते महाराजांच्याच खिशात जात होतं.

तेवढ्यात तात्या पुढे झाले. त्यांनी वाकून नमस्कार केला.

“महाराज, हिच्या वतीने मी क्षमा मागतो. पण लोकांच्या मनात आता किंतु आलाय. आपण एकदाच फुंका. आपला पेला निर्मळ राहील, आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील. हिचंसुद्धा.”

यात कसलाही डाव नव्हता. तात्यांना तो कधी जमलाच नसता. त्यांना मनापासून महाराजांना वाचवायचं होतं, आणि रांगेला ते इतकं पटलं की चहूबाजूंनी ‘फुंका, महाराज’ असा घोष सुरू झाला.

महाराज म्हणाले, मी फुंकलं तर तेजाने पेला फुटेल. तात्या म्हणाले, फुटू दे, मी दुसरा आणतो. महाराज म्हणाले, आज माझं मौन आहे. तात्यांनी क्षणभर विचार केला आणि मौनात फुंकता येतं, असं अगदी अजिजीने सांगितलं. महाराजांनी विहिरीचं साधं पाणी मागवलं. तात्यांना ते बरं वाटलं नाही. आपल्याला निर्मळ जलच शोभेल, म्हणत त्यांनी मडक्यातलं पाणी स्वतःच्या हाताने पेल्यात भरलं आणि महाराजांच्या तोंडाशी धरलं.

महाराजांनी फुंकर मारली. मारली म्हणजे ओठ हलवले. तात्यांनी खिशातली आपली घरची बाटली काढली, डोळे मिटले, चार थेंब टाकले आणि डोळे उघडले.

त्यांनी पेला उजेडात धरला.

“हा तर माझ्याहून काळा आहे,” तात्या म्हणाले.

मग कुणालाच आवरता आलं नाही. रांग मोडली. एकाने हातातल्या वडापावावर थेंब टाकला आणि बटाटा काळा पडलेला बघून तो डोक्याला हात लावून खालीच बसला. मडक्यातलं जल कुणी चाखलं आणि ही पेज आहे, मीठ तेवढं घातलेलं नाही, असं जाहीर केलं. एकाने सोवळं सोडून पेरू ओढला, तर फळासोबत दोराही हातात आला. अनंता तोवर शिडी घेऊन घराच्या पलीकडच्या बाजूला गेला होता.

बाई मागच्या दारच्या ओट्यावर चढून उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या आवाजात सगळं समजावलं. भात, बटाटा, पाव, वाल, सगळ्यांत पिष्ट, म्हणजे स्टार्च असतं. पिष्टाला आयोडीन लागलं की निळाकाळा रंग येतो. पेरूतलं क जीवनसत्त्व त्या आयोडीनचं रूप बदलून टाकतं, म्हणून रंग उडतो. आवळ्याने उडेल, लिंबाने उडेल, गोळीने उडेल. तुमच्या श्वासाचा, रक्ताचा, साखरेचा यात कुठेही संबंध नाही. मग त्यांनी जनीचं सांगितलं. ते सांगताना मात्र त्यांचा आवाज शाळेतला राहिला नाही.

दुपारी चिरागने पोलिसांत तक्रार दिली. बाईंनी सही केली, आणि तात्यांनीही. पोलिसांच्या चौकशीत महाराजांचं नाव मितेश निघालं. पूर्वी ते दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे. गिऱ्हाईकाच्या समोर त्याच्याच घरचं पाणी काळं करून दाखवायचं, हे काम ते तिथेच शिकले होते.

संध्याकाळी तात्या निमूटपणे बाईंबरोबर दवाखान्यात गेले. साखर बरीच वर गेली होती. परतताना ते गाडीत खिडकीशी बसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “सगळ्यांत काळा म्हणाले ना, तेव्हा बरं वाटलं होतं गं. रिटायर झाल्यापासून माझा कुणी पहिला नंबर काढला नव्हता.” बाईंनी त्यांचा हात धरला.

जनी सावरली. काही दिवसांनी कृष्णाबाई तिला घरी घेऊन आली, आणि दुसऱ्या सकाळी बाईंचं फाटक वाजलं. बाईंनी बाहेर येऊन पाहिलं तर पंधरावीस माणसं हातात काचेचे पेले आणि पेरू घेऊन उभी होती. पुढे कृष्णाबाई. बाईंच्या हाताने पेला जास्त लवकर पांढरा होतो, असं कोळीवाड्यात ठरलं होतं. एकाने तर हारही आणला होता.

बाईंना आधी राग आला, मग हसू, आणि मग त्यांनी सगळ्यांना ओटीवर बसवलं. स्वयंपाकघरातून पेज आणली, प्रत्येकाच्या पेल्यात ओतली आणि तात्यांना बाटली घेऊन यायला सांगितलं. कृष्णाबाईने फुंकर मारायला पेला तोंडाशी नेला तशी बाईंनी तिचा हात धरला.

“आज कुणीच फुंकायचं नाही.”

तात्या एकेकाच्या पेल्यात थेंब टाकत गेले. एकामागून एक सगळे पेले काळे झाले. बसलेली माणसं आपापल्या पेल्याकडे बघत राहिली.

“म्हंजे आमी एवढं फुंकलो,” कृष्णाबाई हळूच म्हणाली, “ते फुकटच.”

“फुकटच,” बाई म्हणाल्या. “आणि ते ओळखायला माझी गरज नव्हती. हार परत न्या. पेरू मात्र खा. चांगलं फळ आहे, दारात येतं, पोराबाळांना द्या. साखर असेल तर रक्त तपासा, डॉक्टरांना विचारून खा, गोळी आणि सुई चालू ठेवा. आणि उद्या कुणी नवा आला, पेरू नाही तर आणखी काही घेऊन, तर त्याच्या पाया पडायच्या आधी एवढंच बघा, की ज्या पेल्यात कुणी फुंकलंच नाही त्याचा रंग काय होतो.”